रावबहादूर दादोबा पांडुरंग तर्खडकर



परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न हटकून असतो. चार वाक्ये दिलेली असतात आणि त्यांतील व्याकरणदृष्ट्या शुद्ध वाक्य कोणते, ते ओळखावयाचे असते. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत हा प्रश्न येतो, पोलीस भरतीच्या परीक्षेत येतो आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतही येतो. चार गोलांपैकी एक गोल काळा करावयाचा, एवढेच काय ते काम. परंतु त्या एका गोलावर कधी कधी एका घराची भाकरी अवलंबून असते, हे चंद्रपूर-गडचिरोलीकडील पालकांस आम्ही सांगावयास नको.

काही वर्षांपूर्वी असाच एक प्रश्न आम्ही वर्गात सोडवून घेत होतो. ‘मी पुस्तक वाचलो’ आणि ‘मी पुस्तक वाचले’ यांपैकी शुद्ध वाक्य कोणते, असा तो प्रश्न होता. भामरागडकडून आलेल्या एका मुलाने पहिले वाक्य निवडले. आम्ही नेहमीच्या सवयीने त्यावर तांबड्या शाईची फुली मारली. तेव्हा तो मुलगा उठून उभा राहिला आणि नम्रपणे विचारू लागला, की ‘मी घरी आलो’ हे शुद्ध, ‘मी रात्री झोपलो’ हेही शुद्ध, मग ‘मी पुस्तक वाचलो’ एवढेच अशुद्ध का? तिन्ही वाक्यांत ‘मी’ तर एकच आहे! आम्ही पुस्तकातील नियम म्हणून दाखविला : क्रियापद सकर्मक असले, की भूतकाळी ते कर्त्याप्रमाणे न चालता कर्माप्रमाणे चालते. मुलगा खाली बसला. पण लगेच पुन्हा उठला. ‘मी धडा शिकलो’ हे वाक्य पुस्तकातच आहे, आणि ‘धडा’ हे तर कर्म आहे. मग ते कसे शुद्ध, असे त्याने विचारले. वर्ग हसला. खरे पाहता हसू आमचे व्हावयास हवे होते, कारण त्या क्षणी आमच्यापाशी उत्तर नव्हते.

त्या रात्री आम्ही जुनी व्याकरणे काढून बसलो, आणि शोधता शोधता एका थोर पुरुषाच्या चरित्रापाशी येऊन पोहोचलो. मराठी व्याकरणाचा पाया ज्यांनी घातला, ज्यांस लोक मराठी भाषेचे पाणिनी म्हणतात, ते रावबहादूर दादोबा पांडुरंग तर्खडकर हेच ते पुरुष होत. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस कसे सापडले, ते शेवटी सांगू. आधी दादोबांची ओळख करून घेऊ.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. त्यांचे घराणे मूळचे वसईजवळील तर्खड गावचे. त्यावरून तर्खडकर हे आडनाव पडले. वडिलांचे नाव पांडुरंग आणि आईचे यशोदा. जातीने ते वैश्य होते. ही गोष्ट मुद्दाम सांगण्याचे कारण असे, की त्या काळी व्याकरण हा विषय शास्त्रीपंडितांचा समजला जाई, आणि व्याकरण म्हणजे संस्कृताचे व्याकरण, अशीच समजूत होती. रोजच्या व्यवहारातील मराठीस व्याकरणाची गरजच काय, असे पुष्कळ विद्वानांस वाटे. अशा दिवसांत पंडितघराण्याबाहेरच्या एका तरुणाने मराठीचे नियम शोधावयास बसणे, हे मोठ्या धैर्याचे काम होते.

त्यांचे दोघे धाकटे भाऊही नामांकित झाले. भास्कर पांडुरंग यांनी १८४१ साली मुंबईच्या एका इंग्रजी वृत्तपत्रात पत्रे लिहून इंग्रजी राज्यकारभारावर निर्भीड टीका केली. दुर्दैवाने ते तरुणपणीच, १८४७ साली, वारले. डॉक्टर आत्माराम पांडुरंग यांचा १८६७ साली मुंबईत प्रार्थनासमाज स्थापण्यात पुढाकार होता. शिवाय १८८३ साली मुंबईस जी निसर्ग-इतिहासविषयक संस्था निघाली, तिच्या आठ संस्थापकांपैकी तेही एक होते. पशुपक्षी व वनस्पती यांच्या अभ्यासासाठी ही संस्था सर्वत्र प्रसिद्ध आहे. ताडोब्याच्या रानाशेजारी वाढणाऱ्या आमच्या मुलांनी हे नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे.

दादोबांचे शिक्षण मुंबईस झाले. पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन या नावाने जी संस्था प्रसिद्धीस आली, तिच्याशी त्यांचा विद्यार्थी व शिक्षक या दोन्ही नात्यांनी संबंध आला. त्या काळच्या इंग्रजी शाळांत लिंडले मरे नावाच्या गृहस्थांचे व्याकरण सर्वत्र चालत असे. ते १७९५ साली प्रसिद्ध झाले होते. त्याला जोड म्हणून मरे यांनी १७९७ साली अभ्यासाचे दुसरे पुस्तक काढले. त्यात मुद्दाम अशुद्ध वाक्ये दिलेली असत आणि विद्यार्थ्यांनी ती शुद्ध करावयाची असत. आजच्या परीक्षेत ‘शुद्ध वाक्य ओळखा’ म्हणून जो प्रश्न आपल्यापुढे येतो, त्याच्या पूर्वजांपैकी हे एक पुस्तक होय, असे म्हणावयास हरकत नाही. सव्वादोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडातील मुलेही आपल्याप्रमाणेच डोके खाजवीत बसत असतील!

परक्या भाषेचे नियम इतक्या बारकाईने शिकावयाचे, आणि आईपासून शिकलेल्या भाषेचे नियम मात्र कोणी सांगू नयेत, ही स्थिती दादोबांच्या काळी होती. ती पालटावी म्हणून त्यांनी स्वतःच लेखणी उचलली. १८३६ साली त्यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. आज ज्या वयात आपले तरुण पदवीची परीक्षा नुकतीच देऊन मोकळे होतात, त्या वयात या तरुणाने आपल्या भाषेचा नकाशा काढला.

मराठीच्या व्याकरणाचा प्रयत्न यापूर्वी कोणीच केला नव्हता, असे मात्र समजू नये. महानुभाव पंथातील भीष्माचार्य यांनी कित्येक शतकांपूर्वी ‘पंचवार्तिक’ नावाचा लहानसा व्याकरणग्रंथ रचला होता. पण त्या पंथाचे ग्रंथ सांकेतिक लिपीत, मठांच्या कपाटांत राहिल्यामुळे बाहेरच्या जगास त्यांचा पत्ता नव्हता. गोव्यातील पाद्री थॉमस स्टीफन्स यांनी कोकणी भाषेचे व्याकरण पोर्तुगीज भाषेत लिहिले; ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली छापले गेले. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांनी पंडित वैजनाथ यांच्या साह्याने मराठीचे व्याकरण तयार करून १८०५ साली छापिले. परंतु ते इंग्रजीत होते आणि परदेशी माणसांस मराठी शिकता यावी, हा त्याचा हेतू होता. १८३६ साली म्हणजे दादोबांच्याच वर्षी बाळशास्त्री जांभेकर यांचे ‘बालव्याकरण’ निघाले. गंगाधरशास्त्री फडके यांनीही याच सुमारास मराठी व्याकरण लिहिले. इतक्या सर्वांमध्ये दादोबांचेच पुस्तक शाळाशाळांतून रुजले आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकले.

या पुस्तकात दादोबांनी इंग्रजी व्याकरणाची मांडणी घेतली, संस्कृत व्याकरणाच्या संज्ञा घेतल्या, आणि या दोहोंच्या साह्याने मराठीचे स्वरूप उलगडण्याचा यत्न केला. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी या शब्दांच्या आठ जाती आज आपण पाठ करतो. ही मांडणी महाराष्ट्रात रूढ होण्यास दादोबांचे व्याकरणच मुख्यतः कारण झाले. विभक्तींचे कोष्टक, लिंगवचनांचा विचार आणि क्रियापदांची रूपे ही सर्व आपल्या शाळेच्या फळ्यावर त्यांच्याच वाटेने आली आहेत.

आता त्यांच्या नोकरीकडे वळू. मध्य हिंदुस्थानातील जावरा संस्थानच्या नबाबांस शिकविण्याचे काम त्यांनी काही काळ केले. नंतर ते सुरतेच्या इंग्रजी शाळेत गेले. तेथे दुर्गाराम मेहताजी आदी सुधारक शिक्षकांशी त्यांचा स्नेह जुळला आणि २२ जून १८४४ रोजी त्यांनी मिळून मानवधर्म सभा स्थापन केली. सर्व माणसे एकाच ईश्वराची लेकरे आहेत, जातिभेद व भोळसट समजुती सोडाव्यात, असे या सभेचे विचार होते. मुंबईस परतल्यावर शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल वर्गाचे काम त्यांच्याकडे आले. व्याकरण लिहिणारा मनुष्य शिक्षकांचाच शिक्षक झाला, हा मोठा योग होय. १८४८ साली मुंबईत मराठी ज्ञानप्रसारक सभा निघाली, तिचे पहिले अध्यक्षही दादोबाच होते. तेथे सृष्टिशास्त्र, इतिहास इत्यादी विषयांवर मराठीतून निबंध वाचले जात. मराठीत शास्त्रीय विषय मांडता येतात, हे सभेने कृतीने दाखविले.

१८४९ साली मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली. तिच्या मुळाशीही दादोबांचीच प्रेरणा होती. तिचे सभासद गुप्तपणे एकत्र जमून जातिभेद मोडण्याची शपथ घेत आणि एका पंक्तीस जेवत. पुढे सभासदांची नावे उघडकीस आल्यामुळे ती सभा १८६० च्या सुमारास मोडली. परंतु तिच्यातील विचारांचा ओघ प्रार्थनासमाजात येऊन मिळाला. सभा गुप्त ठेवणे कितपत योग्य होते, याविषयी मतभेद आहेत, आणि उघडपणे जे बोलवत नाही ते टिकतही नाही, अशी टीकाही तीवर झाली. आम्हांस वाटते, की तो काळ ध्यानी घेता त्या तरुणांस फार कठोर शब्द लावू नयेत.

१८५२ साली दादोबा डेप्युटी कलेक्टर झाले. अहमदनगरकडे असताना तेथील भिल्लांचा उठाव शमविण्याच्या कामाबद्दल सरकारने त्यांस रावबहादूर ही पदवी दिली. येथे थोडे थांबले पाहिजे. आमच्या शाळेत गोंड, माडिया, परधान, कोलाम अशा अनेक घरांची मुले शिकतात. इंग्रज सरकारच्या दप्तरात ज्यास बंड म्हटले गेले, त्याच्या मागे रानात राहणाऱ्या लोकांची गाऱ्हाणी असत, हे आपण आपल्या जिल्ह्याच्या इतिहासावरून जाणतो. १८५८ साली चांद्यास फाशी गेलेले बाबूराव शेडमाके आपणांस वीर वाटतात. तेव्हा दादोबांच्या या पदवीचा उल्लेख आम्ही चरित्रातील एक घटना म्हणून करतो. ती गौरवाची गोष्ट म्हणून मुलांपुढे ठेवीत नाही. थोर पुरुषाचे सर्वच काही थोर असते, असे मानावयाचे कारण नाही.

सरकारी कामाच्या धबडग्यातही त्यांची लेखणी थांबली नाही. १८६५ साली त्यांनी मोरोपंतांच्या ‘केकावली’वर टीका प्रसिद्ध केली आणि आईवडिलांच्या नावांवरून तिला ‘यशोदापांडुरंगी’ असे नाव दिले. आपल्या विद्येचे फळ आईबापांच्या नावे अर्पण करणाऱ्या या पुत्राचे मन कसे होते, हे त्या एका नावावरूनच कळते. ‘धर्मविवेचन’ हा त्यांचा ग्रंथ त्यांनी तरुणपणी लिहिला आणि तो १८६८ साली छापला गेला. त्यांनी आत्मचरित्रही लिहिले. ते अनंत काकबा प्रियोळकर यांनी संपादून १९४७ साली प्रकाशात आणले.

परंतु दादोबांच्या चरित्रातील जी गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते, ती अजून सांगितलेली नाही. पुस्तक छापून झाले, नाव झाले, शाळांत ते लागू झाले, म्हणजे काम संपले, असे दादोबांनी कधी मानले नाही. १८३६ च्या व्याकरणाची दुसरी आवृत्ती १८५० साली निघाली, ती त्यांनी सुधारून व वाढवून काढली. त्यानंतरही आवृत्त्या निघत राहिल्या. लहान मुलांसाठी १८६५ साली ‘लघुव्याकरण’ झाले. दरम्यान त्यांच्या मतांवर टीका होऊ लागली. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांच्यासारख्या जाड्या विद्वानाने ‘शालापत्रका’तून व्याकरणावर निबंध लिहिले आणि त्यांत दादोबांचे नियम एकेक करून तपासले. विभक्ती किती मानाव्यात, प्रयोग किती, कोणते रूप कोणत्या वर्गात घालावे, अशा प्रश्नांवर पुढेही अनेक वर्षे वाद चालला. ज्याचे पुस्तक सर्व इलाख्यात शिकविले जाते, त्यास अशी टीका रुचणे कठीण असते. पण दादोबांची व्याकरणावरील दृष्टी अखेरपर्यंत जागी राहिली. १८८१ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, त्यांनी आपल्या व्याकरणाची ‘पूरणिका’ प्रसिद्ध केली. पहिल्या पुस्तकानंतर पंचेचाळीस वर्षांनीही हा मनुष्य त्याच विषयात भर घालीत होता! पुढच्याच वर्षी, १७ ऑक्टोबर १८८२ रोजी, त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्यानंतर हे काम इतरांनी पुढे नेले. १९११ साली मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ निघाले. कवी केशवसुतांचे हे बंधू. त्यांनी पूर्वीच्या सर्व वैयाकरणांची मते समोर ठेवून प्रत्येक प्रश्नाची चिकित्सा केली. एकाने वाट पाडावी, दुसऱ्याने तीतील काटे काढावेत, तिसऱ्याने ती रुंद करावी. विद्येची वाट अशीच तयार होते.

आता त्या भामरागडच्या मुलाकडे वळू. जुनी पुस्तके चाळताना आम्हांस असे दिसले, की दादोबांच्या काळच्या ग्रंथभाषेत ‘मी’ हा शब्द सर्वत्र एकाच रूपाने येत नसे. ‘मी घरी आलो’ असे लिहीत. परंतु पुस्तक वाचल्याचे सांगताना ‘म्यां पुस्तक वाचिले’ असे लिहीत. ‘तू’ चे असेच ‘त्वां’ होई. म्हणजे ‘त्याने’, ‘रामाने’ यांत जसा ‘ने’ हा प्रत्यय आहे, तसेच ‘म्यां’ हे तृतीयेचे रूप होते. काळाच्या ओघात लेखनातून ‘म्यां’ गेले आणि त्याच्या जागी साधे ‘मी’ आले. बाहेरून पाहता दोन्ही ‘मी’ सारखे दिसू लागले. आतून मात्र ते दोन निराळे राहिले. मुलाला तिन्ही वाक्यांत ‘मी’ एकच दिसला, यात त्याची काय चूक? भाषेनेच आपली खूण पुसून टाकली होती, आणि तिची जागा त्याने आपल्या तर्काने अचूक हेरली होती!

त्याच्या दुसऱ्या प्रश्नाचेही उत्तर आहे. शिकणे, विसरणे, बोलणे, पिणे अशी थोडीशी क्रियापदे कर्म घेत असूनही भूतकाळी कर्त्याप्रमाणे चालतात. म्हणून ‘मी धडा शिकलो’, ‘ती गोष्ट विसरली’, ‘तो पाणी प्याला’ ही वाक्ये शुद्ध होत. ही क्रियापदे नियमाबाहेर का राहिली, याचे कारण भाषेच्या जुन्या वळणात आहे. व्याकरणकार भाषा घडवीत नाही. भाषा जशी आहे तशी पाहून तो तिच्यातील रीत सांगतो आणि जेथे रीत मोडते तेथे तसे लिहून ठेवतो. दादोबांस पंचेचाळीस वर्षे जो विषय पुरला, तो एका तासिकेत संपावा, अशी आमचीच चुकीची अपेक्षा होती.

आणखी एक गोष्ट. ‘मी काम केलो’, ‘मी पुस्तक वाचलो’ अशी रूपे आपल्या भागात कित्येक घरांतून सहज ऐकू येतात. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरी, वडसा या झाडीपट्टीच्या मुलखात ‘पाणी’ चे ‘पानी’ होते आणि ‘डोळा’ चा ‘डोरा’ होतो. हिवाळ्यात रात्ररात्र जागून जी नाटके आपण पाहतो, त्यांत हीच बोली ऐकून आपले मन भरून येते. तिकडे भामरागड-एटापल्लीकडे माडिया बोलली जाते, सिरोंच्याकडे तेलुगू. गोंडी, माडिया आणि तेलुगू या भाषांत मराठीप्रमाणे भाकरी स्त्रीलिंगी, भात पुल्लिंगी आणि पाणी नपुंसकलिंगी, अशी निर्जीव वस्तूंची तीन लिंगांत वाटणी नाही. अशा घरातील मूल ‘भाकरी खाल्ला’ म्हणते, ते मंदबुद्धी म्हणून नव्हे. त्याच्या घरच्या भाषेने त्याला भाकरीचे लिंग विचारावयास शिकविलेलेच नसते. शहरातील मुलाला जे कानाने फुकट मिळते, ते आमच्या मुलाला कष्टाने कमवावे लागते. मग दोघांनी तोच गोल काळा केला, तर अधिक श्रम कोणाचे?

शुद्ध कोणते, हे कायमचे ठरलेले असते, असेही नाही. दादोबांच्या काळी ‘केले’, ‘घरे’, ‘पुस्तके’ अशा शब्दांच्या डोक्यावर अनुस्वार देत, आणि तो न देणारा चुकला असे समजत. १९६२ साली महाराष्ट्र शासनाने शुद्धलेखनाचे नवे नियम मान्य केले आणि ते अनुस्वार गेले. आज जर स्वतः दादोबा आपल्या परीक्षेस बसते आणि आपल्या सवयीप्रमाणे लिहिते, तर मराठी व्याकरणाच्या या पाणिनीचेही गुण कापले गेले असते!

याचा अर्थ परीक्षेत वाटेल ते लिहावे, असा मात्र विद्यार्थ्यांनी करू नये. अनेक बोली बोलणाऱ्या लोकांनी एकमेकांचे लिहिणे समजून घ्यावे, म्हणून एक प्रमाण भाषा लागते, आणि परीक्षा तिचीच असते. बाजारात भांडणे होऊ नयेत म्हणून जसे सर्वांचे माप एक ठेवतात, तसेच हे होय. म्हणून शुद्ध वाक्य ओळखताना केवळ कानावर विसंबू नका. कान घरचा असतो. आधी क्रियापद शोधा. मग करणारा कोण आणि काय केले, हे दोन प्रश्न विचारून कर्ता व कर्म काढा. नंतर क्रियापद कोणाच्या मागे चालले आहे, ते पाहा. ‘तो फांदी तोडतो’, ‘ती फांदी तोडते’ येथे ते कर्त्यामागे चालले; हा कर्तरी प्रयोग. ‘त्याने बांबू तोडला’, ‘त्याने फांदी तोडली’, ‘त्याने तेंदूपान तोडले’, ‘त्याने मोहफुले वेचली’ येथे ते कर्मामागे चालले. हा कर्मणी प्रयोग. ‘त्याने गाईला बांधले’, ‘तिने बैलांना बांधले’ येथे कर्मास प्रत्यय लागला आणि क्रियापद कोणामागेच न जाता एकटे उभे राहिले. हा भावे प्रयोग. भूतकाळी ‘मी’ आणि ‘तू’ आले, की क्षणभर थांबा आणि त्यांच्या जागी ‘त्याने’ बसते की ‘तो’, ते पाहा. ‘त्याने पुस्तक वाचले’ म्हणून ‘मी पुस्तक वाचले’. ‘तो घरी आला’ म्हणून ‘मी घरी आलो’. आणि ‘तो धडा शिकला’ म्हणून ‘मी धडा शिकलो’. एवढी युक्ती जवळ असली, तर चारांपैकी तीन वाक्ये आपोआप बाजूला पडतील.

पालकांस आमची एक विनंती आहे. शाळेची मराठी यावी म्हणून घरची बोली मुलांच्या तोंडून काढून घेऊ नका. ज्या मुलाला आपल्या भाषेची रीत कळली, त्याला दुसऱ्या भाषेची रीत लवकर कळते. दादोबांसही परकी भाषा शिकता शिकताच आपल्या भाषेच्या व्याकरणाची वाट सापडली. गोंडी, माडिया, झाडी आणि प्रमाण मराठी या सर्व शिदोऱ्या मुलाच्या खांद्यावर मावतात. एकीसाठी दुसरी टाकावी लागत नाही.

त्या मुलास आम्ही दुसऱ्या दिवशी वर्गासमोर उभे करून त्याच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे सांगितली, आणि आदल्या दिवशी आम्हांस ती येत नव्हती, हेही सांगितले. त्याच्या वहीतील फुली मात्र आम्ही पुसली नाही, कारण परीक्षेच्या दृष्टीने ते वाक्य चूकच होते. पण फुलीच्या शेजारी आम्ही त्याच तांबड्या शाईने प्रश्न उत्तम म्हणून शेरा लिहिला. आपली उत्तरे जन्मभर सुधारीत राहिलेल्या दादोबांस तो शेरा आवडला असता, अशी आमची समजूत आहे.